पेढी, वर्ग आणि पडदा : व्यवस्थापन शिक्षणातील संमिश्र अध्यापन

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



 मी विद्यापीठाच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमात वित्त हा विषय अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. कार्यवाह निमंत्रण देण्यासाठी घरी आले, तेव्हा ते म्हणाले, "सर, आमच्या पुष्कळ घरांतील मुले-मुली आता एमबीए करतात. पण घरातील वडीलधारी माणसे एक प्रश्न विचारतात. दोन वर्षे आणि एवढी फी खर्च करून मुलगा जे शिकतो, ते तो पेढीवर बसून शिकला नसता का? आपण यावर बोला." प्रश्न सरळ होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर समजावे. उत्तराची सुरुवात मात्र मला माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

एका विद्यार्थ्याची गोष्ट

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. तालुक्याच्या गावी त्याच्या वडिलांचे किराणा व भुसार मालाचे घाऊक दुकान होते. मुलगा हुशार, नम्र आणि नियमित. 'खेळते भांडवल' या घटकावरील त्याची उत्तरपत्रिका मला आजही आठवते. व्याख्या अचूक, सूत्रे अचूक, गणित अचूक. मी त्याला १०० पैकी ८१ गुण दिले आणि त्याची उत्तरपत्रिका वर्गात वाचूनही दाखविली.

पुढे दोन-तीन वर्षांनी तो मला बसस्थानकावर भेटला. एका खाजगी कंपनीत वसुलीच्या कामावर होता. मी सहज विचारले, "दुकान कोण पाहते?" तो म्हणाला, "सर, दुकान बंद केले. माल विकला जात होता, नफाही दिसत होता, पण पैसा सगळा उधारीत अडकला. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा संपली, व्यापाऱ्यांनी माल देणे थांबविले. वडिलांना ते फार लागले." मी काही क्षण गप्प राहिलो. मग न राहवून म्हटले, "अरे, पण हाच घटक तर तुला उत्तम येत होता." त्यावर तो जे म्हणाला ते मी विसरू शकलेलो नाही. तो म्हणाला, "सर, सूत्र मला पाठ होते. पण ते आमच्या दुकानाविषयी आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही."

बंधू-भगिनींनो, त्या मुलाचा यात दोष किती आणि शिकविणाऱ्याचा किती, याचा विचार मी पुष्कळ केला. तो माझ्यासमोर दोन वर्षे बसला होता. तुमच्या दुकानात पैसा किती दिवस अडकतो, असा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नाही. मी सांगत होतो, तो लिहून घेत होता. परीक्षेत त्याने ते मला परत दिले आणि मी ८१ गुण दिले. देवाणघेवाण पूर्ण झाली, परंतु शिक्षण झाले नाही.

पेढीने काय शिकविले, वर्गाने काय शिकविले

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे वळू. पेढीवरील शिक्षण हे फार मोलाचे शिक्षण आहे, यात शंका नाही. मुलगा प्रथम झाडलोट करी, मग माल मोजून घेई, मग रोजमेळ लिही, मग खतावणी, आणि शेवटी त्याला सौद्याला पाठवीत. चूक झाली की ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, मुनीमजी दाखवून देत. कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधार द्यावे, हे तो माणसाच्या चेहऱ्यावरून शिके. काम करता करता शिकणे आणि चूक लगेच दुरुस्त होणे या दोन गोष्टी पेढीपाशी होत्या, आणि आजही कोणत्याही शिक्षणशास्त्रज्ञाला त्या हव्याशा वाटतील.

परंतु पेढीच्या शिक्षणाला मर्यादाही होती. ती एका मालाची, एका बाजाराची आणि एका घराच्या रीतीची शाळा होती. "आपल्याकडे असेच करतात" या उत्तराच्या पुढे प्रश्न जात नसे. बाजार बदलला, कर बदलले, गिऱ्हाईक मोबाइलवरून माल मागवू लागले, की जुना अनुभव अपुरा पडू लागतो. त्या मुलाच्या वडिलांना अनुभव चाळीस वर्षांचा होता. तरीही नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी मांडून दाखविले नव्हते.

विद्यापीठाची अडचण याच्या बरोबर उलट. तेथे ज्ञान व्यापक आहे, पण ते कोणाच्याच दुकानाचे नाही. एक शिक्षक, समोर साठ विद्यार्थी, फळा किंवा पॉवरपॉइंटचा पडदा, आणि ठरलेला अभ्यासक्रम ठरलेल्या तासांत संपविण्याची घाई. व्याख्यान ही टाकाऊ पद्धत आहे असे मी म्हणणार नाही. मीही आता व्याख्यानच देत आहे. परंतु निर्णय घेण्याची विद्या केवळ ऐकून येत नाही. पोहण्यावरील भाषण ऐकून कोणी विहिरीत उडी घेत नाही.

आपल्या भागात ही जाणीव नवी आहे असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हे तत्त्व वसतिगृहांतील मुलांच्या अंगवळणी पाडले. ते मुख्यतः गरिबाच्या मुलाला शिकता यावे म्हणून होते. पण हाताने काम करणारा विद्यार्थी पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हेही त्यातून दिसून आले.

प्रकरण-अभ्यासाचा मार्ग

व्यवस्थापन शिक्षणाच्या क्षेत्रात या अडचणीवर पहिला मोठा उपाय अमेरिकेत शोधला गेला. हार्वर्ड विद्यापीठाची व्यवस्थापन शाळा १९०८ मध्ये सुरू झाली. १९१९ मध्ये वॉलेस डॉनहॅम तिचे अधिष्ठाता झाले. ते कायद्याचे पदवीधर होते आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात जुन्या खटल्यांच्या आधारे कायदा शिकविण्याची पद्धत त्यांनी अनुभवली होती. व्यापारही असाच शिकवावा असे त्यांनी ठरविले. एखाद्या उद्योगासमोर उभा राहिलेला खरा पेच आकड्यांसह लिहून काढावयाचा, तो विद्यार्थ्यांनी घरी वाचून यावयाचा आणि वर्गात "तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते?" एवढाच प्रश्न विचारावयाचा. हीच प्रकरण-अभ्यासाची, म्हणजे केस स्टडीची पद्धत.

१९६१ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. डॉ. विक्रम साराभाई यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. हार्वर्डच्या सहकार्यामुळे ही पद्धत तेथे रुजली आणि भारतीय उद्योगांवरील प्रकरणे लिहिली जाऊ लागली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ मध्ये सुरू झाली. पुढे तर उलट प्रवासही घडला. मुंबईच्या डबेवाल्यांच्या कामावर हार्वर्डने २०१० मध्ये प्रकरण तयार केले. रोज दुपारी आपल्या डोळ्यांसमोरून जाणारा डबा हा जगातील विद्यार्थ्यांचा पाठ झाला. आपल्या बाजारपेठेत शिकण्यासारखे काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रकरण-चर्चेचा मोठा गुण असा की तिच्यात एकच उत्तर बरोबर नसते. विक्री अधिकाऱ्याला जे योग्य वाटते ते वित्त अधिकाऱ्याला घातक वाटते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. एका वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय या सभागृहातील श्रोत्यांना मी नव्याने सांगावी असे नाही.

असे असूनही आपल्या साध्या महाविद्यालयांत ही पद्धत का रुजली नाही? कारण विद्यार्थी तयारी करून येत नाहीत, आणि मूळ संकल्पना समजल्याशिवाय चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा होतात. मग शिक्षक म्हणतो, आधी संकल्पना सांगतो. ती सांगता सांगता तास संपतो आणि प्रकरण तसेच राहते. माझेही कित्येक वर्षे असेच होत होते.

संमिश्र अध्यापन म्हणजे काय?

येथे तंत्रज्ञान आपल्या मदतीला आले. २००७ च्या सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोन रसायनशास्त्राचे शाळामास्तर होते. खेळांच्या स्पर्धांमुळे मुले वर्ग चुकवीत, म्हणून त्यांनी आपले पाठ चित्रित करून ठेवण्यास सुरुवात केली. मग त्यांच्या लक्षात आले की पाठ घरी पाहता येत असेल, तर वर्गाचा वेळ मोकळा होतो. सांगणे घरी आणि गृहपाठ वर्गात, अशी उलटापालट त्यांनी केली. त्याआधीच, १९९१ पासून, हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी वर्गात व्याख्यान कमी करून विद्यार्थ्यांनी एकमेकांना समजावून सांगण्याची रीत सुरू केली होती. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवीत, पण साध्या संकल्पनेचा प्रश्न विचारला की अडखळत. माझ्या ८१ गुणांच्या विद्यार्थ्याची आठवण आपणांस येथे होईल.

संमिश्र अध्यापन, ज्याला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात, त्याचा अर्थ पुष्कळांना 'अर्धे तास वर्गात आणि अर्धे तास मोबाइलवर' असा वाटतो. हा अर्थ अपुरा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ती कामाची वाटणी आहे. जे एकट्याने, आपल्या गतीने, पुन्हा पुन्हा पाहून समजून घेता येते ते एकट्याकडे सोपवावे. आणि जे चार माणसे समोरासमोर बसल्याशिवाय होतच नाही, म्हणजे वाद, निर्णय, चूक आणि दुरुस्ती, त्यासाठी वर्ग राखून ठेवावा. तिसरा भाग बाजाराचा. शिकलेले खऱ्या व्यवहाराला लावून पाहावे. पडदा, वर्ग आणि पेढी या तिन्हींनी आपापले काम केले तरच मिश्रण साधते.

शासकीय धोरणानेही आता यास वाट दिली आहे. 'स्वयम्' हे केंद्र शासनाचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. परवानगी मिळाली म्हणजे शिक्षण सुधारले असे मात्र होत नाही.

एक घटक कसा शिकवितो

केवळ तत्त्व सांगून चालणार नाही. त्या मुलाच्या बाबतीत जो घटक वाया गेला, तोच खेळत्या भांडवलाचा घटक मी आता कसा शिकवितो, ते थोडक्यात सांगतो.

वर्गापूर्वी विद्यार्थ्यांना दहा-दहा मिनिटांच्या तीन ध्वनिचित्रफिती आणि दोन पानांचे टिपण मिळते. भाषा साधी मराठी, संज्ञा इंग्रजी, कारण परीक्षेत व नोकरीत त्या तशाच लागतात. शेवटी पाच प्रश्न. त्यांची उत्तरे आदल्या रात्रीपर्यंत मोबाइलवरून पाठवावयाची. हे प्रश्न गुणांसाठी नसून दोन कामांसाठी आहेत. एक, कोणता मुद्दा कळला नाही हे मला सकाळी कळते. दुसरे, आठवून उत्तर लिहिल्याने शिकलेले पक्के होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. आपल्याकडील पाठांतर म्हणवून घेण्याच्या रीतीत हे शहाणपण होतेच.

वर्गात मी फळ्यावर एक दुकान मांडतो. वर्षाला ७३ लाख रुपयांच्या खरेदी किमतीचा माल विकला जातो, म्हणजे रोजचा २० हजारांचा. माल दुकानात ६० दिवस पडून राहतो. गिऱ्हाइकाकडून पैसे यावयास ४५ दिवस लागतात. माल देणारा व्यापारी ३० दिवस थांबतो. साठ अधिक पंचेचाळीस वजा तीस, म्हणजे ७५ दिवस दुकानदाराचा स्वतःचा पैसा अडकून राहतो. रोजचे २० हजार या हिशेबाने १५ लाख रुपये. नफा कितीही असो, हे १५ लाख कोठून तरी आणावेच लागतात. मग मी विचारतो, उधारी ४५ वरून ३० दिवसांवर आणली तर? तीन लाख मोकळे होतात, आणि बारा टक्के व्याजाने वर्षाचे ३६ हजार वाचतात. पण लगेच एखादी मुलगी उठून म्हणते, "सर, उधारी कमी केली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." खरा तास येथे सुरू होतो. चार गट पडतात. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, एक बँक आणि एक माल देणारा व्यापारी. भांडण जुंपते. मी शक्य तेवढा गप्प राहतो, आणि शिक्षकाला गप्प राहणे किती अवघड असते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

वर्गानंतर प्रत्येक जोडीने एका खऱ्या दुकानात किंवा कारखान्यात जावयाचे. मालकाच्या परवानगीने, नाव व आकडे झाकून, हे तीन दिवस मोजावयाचे आणि एका पानावर सल्ला लिहावयाचा. पहिल्या वर्षी एक मुलगी स्वतःच्या वडिलांच्या कापड दुकानात बसून ते मोजून आली. वडिलांना वाटत होते की उधारी महिन्याभरात येते. वही उघडून मोजली तर ती तीन महिन्यांच्या पुढे गेलेली होती. ती मला म्हणाली, "सर, पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच वही माझ्यासमोर ठेवली." मला जो निकाल त्या ८१ गुणांत मिळाला नव्हता तो या एका वाक्यात मिळाला.

खेळातूनही काही गोष्टी उत्तम शिकविता येतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकात एक प्रसिद्ध खेळ तयार झाला. त्याचे मूळ नाव 'बिअर गेम'. दचकू नका, आमच्या वर्गात आम्ही त्यात साबणाच्या पेट्या ठेवल्या आहेत! किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. प्रत्येकाला फक्त आपला साठा आणि आपल्याकडे आलेली मागणी दिसते, आणि माल पोहोचण्यास वेळ लागतो. गिऱ्हाइकाची मागणी पाचव्या आठवड्यात चार पेट्यांवरून आठ होते आणि पुढे शेवटपर्यंत आठच राहते. एवढ्याशा बदलाने दुकानदार घाबरून जास्त मागवितो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत जाईतो मागणीचा डोंगर होतो. मग सगळ्यांकडे माल तुंबतो. खेळ संपल्यावर मी विचारतो, गिऱ्हाइकाने काय केले असेल? बहुतेकजण चढ-उताराच्या लाटा काढून दाखवितात आणि चूक समोरच्याची होती असे सांगतात. खरी मागणी दाखविली की वर्ग शांत होतो. आपण स्वतःच संकट निर्माण केले, ही जाणीव कोणत्याही व्याख्यानाने इतकी खोल उतरत नाही.

टाळेबंदीने दिलेला धडा

मार्च २०२० मध्ये देशात टाळेबंदी लागली आणि सर्व शिक्षण एका रात्रीत पडद्यावर गेले. तेव्हा माझ्याकडून दुसरी चूक झाली. वर्गात जे तीन-तीन तास बोलत होतो, तेच मी पडद्यासमोर बोलू लागलो. समोर साठ काळे चौकोन. कोण ऐकतो आहे, कोण झोपला आहे, काही कळत नसे. एक विद्यार्थी रोज मध्येच निघून जाई. मी त्याला बेशिस्त समजलो आणि एकदा सर्वांसमक्ष बोललो. नंतर त्याच्या मित्राने सांगितले की त्याच्या घरात रेंज येत नाही. तो शेताच्या बांधावर जाऊन बसतो, आणि घरात असलेल्या एकाच फोनवर धाकट्या बहिणीची शाळाही असते. मी त्याला फोन करून क्षमा मागितली. त्या दिवसापासून लांब थेट तास बंद केले. लहान ध्वनिफिती, ज्या रात्री उतरवून घेऊन कधीही ऐकता येतील, आणि आठवड्यातून एकदा पाच-पाच मुलांच्या गटाशी अर्धा तास फोनवर बोलणे, असा क्रम ठेवला.

यावरून दोन गोष्टी कळल्या. सगळे शिक्षण पडद्यावर नेणे म्हणजे संमिश्र अध्यापन नव्हे, ती आपत्कालीन सोय होती. आणि ज्याच्याकडे साधन नाही त्याचा विचार आधी केला नाही, तर ही पद्धत सधनाला पुढे आणि गरिबाला मागे नेते.

सावधगिरीचे मुद्दे

या पद्धतीचे मी गुण सांगितले. तिचे धोके लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला धोका, काटकसरीच्या नावाखाली शिक्षक कमी करण्याचा. एकदा चित्रफीत तयार झाली की शिक्षकाची गरज काय, असे काही संस्थाचालकांना वाटू लागते. वस्तुस्थिती उलट आहे. दहा मिनिटांची चांगली चित्रफीत करण्यास दिवस जातो, आणि चर्चेचा तास चालविण्यास व्याख्यानापेक्षा अधिक तयारी लागते. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. केवळ प्रत्यक्ष वर्गापेक्षा संमिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांची प्रगती अधिक दिसते, असे त्यात आढळले. परंतु त्याच आढाव्याने बजावले की अशा वर्गांत विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाचा वेळ आणि साहित्यही अधिक मिळालेले होते. यश यंत्राचे नव्हते, जास्तीच्या कष्टाचेही होते.

दुसरा धोका लक्ष विचलित होण्याचा. अभ्यासाची चित्रफीत ज्या फोनवर आहे त्याच फोनवर करमणुकीचा सारा बाजार आहे. म्हणून पाठ लहान ठेवावे, त्यांना जोडून लगेच प्रश्न असावेत, आणि वर्गात आल्यावर फोन दप्तरात जावा.

तिसरा धोका अलीकडचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि घरी लिहून आणावयाच्या निबंधाचे मूल्यमापन अवघड झाले. यंत्राला विचारून कोणीही सुंदर अहवाल आणू शकतो. मी त्यावर बंदी घातली नाही. अहवाल आणा, पण मग वर्गासमोर उभे राहून दहा मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्या, असा नियम केला. दुकानदाराने उधारी का वाढविली हे विचारल्यावर, जो खरोखर दुकानात जाऊन बसला होता तोच उत्तर देऊ शकतो. यंत्र वही लिहून देईल, पण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहणार नाही.

चौथी गोष्ट परीक्षेची. अध्यापन बदलले आणि प्रश्नपत्रिका 'टिपा लिहा' अशीच राहिली, तर विद्यार्थी शेवटी गाइडकडेच वळतील. निर्णय घेण्यास शिकवावयाचे असेल तर परीक्षेतही निर्णयच विचारला पाहिजे.

समाजाकडून एक अपेक्षा

आता कार्यवाहांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मुलगा पेढीवर बसून जे शिकला असता ते विद्यापीठ देऊ शकत नाही, आणि विद्यापीठ जे देते ते पेढीजवळ नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी राहिली तर आपण फीही भरतो आणि दुकानही घालवितो. ती एकत्र आली पाहिजेत, आणि ती एकत्र आणण्याचे काम एकट्या प्राध्यापकाचे नाही.

म्हणून या सभागृहातील व्यापारी आणि उद्योजक बंधू-भगिनींना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या जवळच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा चार दिवस आपल्या पेढीवर बसू द्यावे. नाव झाका, आकडे हवे तर एका पटीने बदला, पण पेच खरा सांगा. आपण यशाच्या गोष्टी आवडीने सांगतो. मुलांना मात्र जो सौदा अंगावर आला, जी उधारी बुडाली, तिच्यातून अधिक शिकावयास मिळते. दुसरी, वर्षातून एक तास वर्गात यावे. भाषणासाठी येऊ नये. मुले आपल्या प्रश्नावर वाद घालतील तो ऐकावा आणि शेवटी आपण प्रत्यक्षात काय केले ते सांगावे. तिसरी विनंती ट्रस्टला. वसतिगृहात जेवणाची व निवासाची उत्तम सोय आपण करीत आलात. त्याला जोडून चांगल्या इंटरनेट जोडणीचे एक शांत अभ्यासदालन आणि पाच-सहा संगणक असावेत, म्हणजे बांधावर जाऊन बसणाऱ्या मुलाला येथे तरी टेबल मिळेल.

आणि घरातील वडीलधाऱ्यांना एक शब्द. मुलगा किंवा मुलगी एखाद्या दिवशी वही मागेल, उधारी मोजू लागेल, "पप्पा, हे असे का?" असे विचारेल. तेव्हा राग मानू नये. आपण भरलेल्या फीची ती पहिली परतफेड आहे.

तो बसस्थानकावर भेटलेला विद्यार्थी आता माझ्या वर्गात दरवर्षी एक तास येतो. मी त्याला बोलाविले तेव्हा तो संकोचला होता. म्हणाला, "सर, मी काय सांगणार? आमचे तर दुकान बंद पडले." मी म्हणालो, "तेच सांग." तो आपल्या वडिलांच्या जुन्या वह्या घेऊन येतो, त्यांतील एक पान फळ्याशेजारी लावतो आणि मुलांना विचारतो, "आम्ही कोणत्या महिन्यात थांबावयास हवे होते?" मुले हिशेब करतात, भांडतात, पुन्हा हिशेब करतात. गेल्या वर्षी त्याचे वडीलही त्याच्याबरोबर आले होते. मागच्या बाकावर बसून त्यांनी सगळे ऐकले आणि शेवटी उठून एवढेच म्हणाले, "दिवाळीच्या आधीच्या महिन्यात. मला तेव्हाही वाटत होते, पण मांडता येत नव्हते."

जे वाटते ते मांडता यावे आणि जे मांडले ते करता यावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.